दोन रंगांचं जाकीट, मधली एक रेष: २८ मिलिमीटरच्या सैनिकांवर उभी विभागणी कशी रंगवायची

निम्मं अंग एका रंगाचं आणि निम्मं दुसऱ्या, असा सैनिक, म्हणजे २८ मिलिमीटरची प्लास्टिकची किंवा धातूची छोटी मूर्ती, रंगवायला घेतला की बहुतेकांचं काम छातीच्या मधोमध अडतं. रेष थोडी डावीकडे सरकते. ती सुधारायला उजवीकडून रंग लावला जातो, तो जास्त होतो, पुन्हा डावीकडून. तासाभरात मधोमध रंगाचा उंचवटा तयार होतो आणि रेष मात्र वाकडीच राहते. मग ‘माझा हात स्थिर नाही’ असं म्हणून लोक हा प्रकार सोडून देतात. हात थोडाफार सगळ्यांचाच हलतो. चूक बहुतेक वेळा ब्रश हातात घेण्याआधी झालेली असते: मध्य नीट काढलेला नसतो, हात आणि शस्त्रं आधीच चिकटवून टाकलेली असतात, आणि कोणता रंग आधी लावायचा याचा विचारच झालेला नसतो.

या लेखात उदाहरण म्हणून इंग्लंडमध्ये यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांत झालेल्या गुलाबांच्या युद्धांतलं (१४५५ ते १४८७) पायदळ घेतलं आहे. या सैनिकांच्या अंगावर त्यांच्या सरदाराच्या रंगांचं लिव्हरी जाकीट असे, आणि ते पुष्कळदा मधोमध उभं विभागलेलं असे. यॉर्क घराण्याचे रंग तुतीसारखा जांभळट तांबडा आणि निळा, लँकेस्टरचे पांढरा आणि निळा, ट्यूडरचे पांढरा आणि हिरवा. पेरी मिनिएचर्स या कंपनीचे या काळातले प्लास्टिकचे २८ मिलिमीटरचे सैनिक या सरावाला उत्तम, कारण बऱ्याचशा आकृत्यांचे हात सुटे येतात. हीच पद्धत काल्पनिक चिलखती सैनिकांनाही चालते. तिथे काय बदलतं ते टेपच्या टप्प्यात सांगितलं आहे.

### टप्पा १: रंगांची जोडी ठरवा

पहिल्या प्रयत्नाला पांढरा घेऊ नका. पांढऱ्यावर रेषेचा प्रत्येक थरकाप दिसतो, आणि तो झाकायला पांढऱ्याचेच चार थर लागतात. यॉर्कची जोडी सोपी. दोन्ही रंग बऱ्यापैकी झाकतात, दोन्ही गडद आहेत, त्यामुळे केसभर चूक डोळ्यांत येत नाही.

पण गडद असण्याचीच एक अडचण आहे. हातभर अंतरावरून तांबडा आणि निळा एकमेकांत मिसळून गेल्यासारखे दिसतात, आणि इतकी मेहनत करून विभागणी कोणाला कळतच नाही. म्हणून निळा थोडा उजळ घ्या, नेव्ही ब्लू नको. तुतीच्या रंगासाठी गडद लाल दोन भाग, जांभळा एक भाग आणि तपकिरीचा थेंब असं मिश्रण चांगलं बसतं. ते एका छोट्या बाटलीत एकदाच जास्त करून ठेवा. दुरुस्तीच्या वेळी पुन्हा तोच रंग जुळवायला गेलात तर तो जुळणार नाही.

तपासणी: दोन्ही रंगांचे ठिपके कागदावर शेजारी शेजारी लावा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही ठिपके सारख्याच करड्या छटेचे दिसले तर एक रंग उजळ करा.

### टप्पा २: डावं-उजवं कागदावर लिहा

हा टप्पा हमखास वगळला जातो, आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच होते. आपल्याला समोरून दिसणारी डावी बाजू ही सैनिकाची उजवी बाजू असते. आकृती पाठमोरी केली की ती पुन्हा उलटते. पुढून तांबडा डावीकडे दिसत असेल तर पाठीवर तो उजवीकडे दिसला पाहिजे. अनेकजण पाठ रंगवताना पुढच्यासारखंच ‘डावीकडे तांबडा’ लावतात. मग कुशीत रंग अचानक बदलतो आणि जाकीट चार तुकड्यांचं दिसायला लागतं.

म्हणून नेहमी सैनिकाच्या बाजूने बोला. ‘तांबडा त्याच्या उजव्या हाताला’ असं एका चिठ्ठीवर लिहून टेबलावर चिकटवा. मानचिन्हांच्या शास्त्रातही डावं-उजवं ढाल धरणाऱ्याच्या बाजूनेच मोजतात, त्यामुळे ही सवय पुढे ढाली आणि निशाणं रंगवतानाही कामाला येते.

आणखी एक खूण करून ठेवा. आकृतीच्या बैठकीच्या कडेला, उजव्या हाताच्या बाजूला, तांबड्याचा एक ठिपका लावा. दहा सैनिक एकदम रंगवायला घेतले की दुसऱ्या-तिसऱ्या तासाला डोकं थकतं, तेव्हा हा ठिपका वाचवतो.

### टप्पा ३: साफसफाई, आणि काय चिकटवायचं नाही

साच्याच्या दोन भागांमुळे आकृतीवर राहिलेली बारीक उभी कड, म्हणजे मोल्ड लाइन, इतर रंगकामात एखाद्या वेळी खपून जाते. इथे खपत नाही. दोन रंगांच्या जाकिटावर नजर आपोआप उभ्या रेषा शोधते, आणि कुशीतली मोल्ड लाइन दुसऱ्या शिवणीसारखी दिसते. क्राफ्ट नाइफच्या पात्याची पाठ तिच्यावरून हलक्या हाताने ओढा. धार वापरली तर प्लास्टिकमध्ये खाच पडते. त्यानंतर साबणाच्या कोमट पाण्याने आकृती धुऊन पूर्ण वाळवा.

आता हात. बिल (लांब दांड्याचं, आकडेदार पात्याचं हत्यार) किंवा भाला दोन्ही हातांनी छातीसमोर धरलेल्या सैनिकाचे हात आधी चिकटवले, तर मध्यरेषेच्या वरच्या निम्म्या भागापर्यंत ब्रश पोचतच नाही. पोचला तरी तिरका पोचतो, आणि तिरक्या ब्रशने सरळ कड निघत नाही. म्हणून धड आणि पाय एकत्र, हात शस्त्रांसह वेगळे, असं रंगवा. डोकं चिकटवायला हरकत नाही, फक्त हनुवटी छातीवर टेकलेली असेल तर तेही सुटं ठेवा. सुटे भाग टूथपिकवर किंवा ब्लू-टॅकच्या (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याच्या) गोळीवर लावा, आणि जिथे पुढे गोंद लागणार आहे तिथे ब्लू-टॅकचाच कण दाबून ठेवा, म्हणजे त्या जागी रंग बसणार नाही.

धातूच्या एकसंध आकृतीत हा पर्याय नसतो. अशा वेळी हत्याराच्या मागे लपलेल्या जागेत रेष ओढायचा हट्ट धरू नका. वरून आणि खालून रेष हत्यारापर्यंत आणा आणि मधली जागा गडद ठेवा. ती तिथे सावलीतच असते.

आकृती बाटलीच्या बुचावर किंवा रिकाम्या रंगाच्या डबीवर पक्की बसवा. बैठक बोटांत धरून हे काम होत नाही, बोटं दुखायला लागली की हात हलायला लागतो.

### टप्पा ४: प्रायमर

प्रायमर म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर. तो करडा किंवा मळकट पांढरा घ्या. काळ्यावर तांबडा मरतो आणि पिवळा तर दिसतच नाही. पातळ थर द्या, विशेषतः घड्यांमध्ये प्रायमर साचू देऊ नका.

सावधान: मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर स्प्रेचा प्रायमर शक्यतो टाळा. दमट हवेत पृष्ठभाग खडबडीत किंवा पांढुरका होतो, आणि खडबडीत पृष्ठभागावर सरळ कड काढणं कोणालाच जमत नाही. ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरा आणि रात्रभर वाळू द्या. उलट नागपुरात किंवा पुण्यात मे महिन्यात स्प्रेचा रंग हवेतच सुकून भुकटीसारखा बसतो. तिथे सकाळी लवकर काम उरका.

तपासणी: वाळल्यावर छातीवरून नख हलकंच फिरवा. खरखर लागली तर ती आत्ताच घालवा, पुढे वेळ मिळणार नाही.

### टप्पा ५: मध्यरेषा आखा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

मध्य डोळ्याने ठरवू नका, शरीरावरच्या खुणांवरून काढा. पुढच्या बाजूला तीन जागा पक्क्या असतात: गळपट्टीचा मध्य, म्हणजे गळ्याच्या खळगीखालची जागा; कमरपट्ट्यावर दोन्ही कुशींपासून सारख्या अंतरावरची जागा; आणि जाकिटाच्या खालच्या घेराचा मध्य, जो साधारण दोन पायांच्या मधोमध येतो. पट्ट्याच्या बकलावर विसंबू नका. मूर्तिकाराने ते बऱ्याचदा थोडं बाजूला घडवलेलं असतं. मागच्या बाजूला मानेचा कणा, कमरेचा मध्य आणि घेराचा मध्य.

या तीन जागी आधी ठिपके द्या. मग वरच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये आणखी एक, खालच्या दोनांच्या मध्ये आणखी एक. पाच ठिपके झाल्यावर रेष जवळजवळ आपोआप दिसायला लागते. ठिपके जोडताना एका दमात वरून खाली जाऊ नका, प्रत्येक दोन ठिपक्यांमधला तुकडा वेगळा ओढा.

आता खरी मेख. सैनिक ताठ उभा नसतो. बिल फिरवणाऱ्याचं धड कमरेत वळलेलं असतं, धनुष्य ताणणाऱ्याचं मागे कललेलं. रेष जाकिटावर शिवलेली आहे, हवेत लटकलेली नाही. धड वळलं की तीही वळणार. जमिनीला लंब अशी रेष काढली तर ती त्या माणसाच्या अंगावरून घसरल्यासारखी दिसते. घडी आडवी आली तर रेष घडीच्या वर चढते, खाचेत उतरते आणि पुन्हा पुढे जाते. समोरून पाहताना ती तिथे थोडी मोडल्यासारखी दिसेल, दिसू द्या. खरं कापड असंच दिसतं, आणि ही मोड नीट उतरली की सैनिकाच्या अंगावर खरोखर जाकीट चढवल्यासारखं वाटतं. या कामातलं मला सगळ्यात समाधान देणारं ठिकाण तेच.

आखायला काय वापरायचं? ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरची मेकॅनिकल पेन्सिल चालते, पण अगदी हलक्या हाताने. ग्रॅफाइट उजळ रंगात मिसळून तो मळवतं. पांढरा किंवा पिवळा लावायचा असेल तर पेन्सिलऐवजी दुसऱ्या, म्हणजे गडद रंगाचंच पाणीदार मिश्रण करून त्याने ठिपके द्या. त्या कडेवर पुढे तोच रंग येणार असतो.

तपासणी: आकृती उलटी धरा, डोकं खाली. मेंदू शरीर ओळखणं सोडून नुसती रेष पाहतो आणि तिरकेपणा लगेच कळतो. मग आरशात पाहा. दोन्हीकडे रेष पटली तरच पुढे जा.

### टप्पा ६: पहिला रंग, रेषेच्या पलीकडेपर्यंत

कोणता रंग आधी? जो कमी झाकतो तो. पांढरा, पिवळा, लाल हे आधी. निळा, हिरवा, काळा नंतर. आपल्या जोडीत तांबडा आधी. निळ्यावर तांबडा चढवायचा म्हटलं तर तीन-चार थर लागतील, तांबड्यावर निळा दोनात बसतो.

आणि हा रंग रेषेपाशी थांबवायचा नाही. तो रेष ओलांडून अर्धा मिलिमीटर पलीकडे न्या. आखलेली रेष पुसट दिसत राहील इतका रंग पातळ असतोच. नाही दिसली तर ठिपके परत द्या, त्याला मिनिटही लागत नाही.

रेषेचे दोन काठ नसतात, हे इथे नीट लक्षात घ्या. दोन्ही बाजूंनी रंग आणून मधोमध भेटवायचा प्रयत्न केला की एकतर फट राहते किंवा उंचवटा होतो. पहिला रंग बिनधास्त पलीकडे जातो, आणि दुसऱ्या रंगाची एकच कड रेष ठरवते.

रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ हवा. कॅनव्हाससाठी मिळणाऱ्या ॲक्रिलिकच्या ट्यूब या कामाला नकोत. त्यांचे कण जाड असतात आणि पातळ केले की रंग तुटतो. व्हॅलेहो, सिटाडेल, आर्मी पेंटर या कंपन्यांच्या छोट्या मूर्तींसाठीच्या रंगांपैकी कोणताही चालेल. दोन किंवा तीन पातळ थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा.

रंग लवकर सुकू नये म्हणून ओला पॅलेट वापरा, आणि तो घरीच करा: पसरट डबा, त्यात किचन टिश्यूचे तीन-चार पदर ओले करून, वर बेकिंगचा कागद. दुकानात बटर पेपर म्हणून मिळणारे काही कागद मेणाचे असतात, त्यातून पाणी वर येत नाही आणि रंग कोरडाच पडतो. कागद टिश्यूवर ठेवून पाच मिनिटांनी वरून बोट फिरवा. ओलसर लागला तरच तो कामाचा.

### टप्पा ७: दुसरा रंग, आणि कड

आता सगळं लक्ष एका कडेवर.

ब्रश लहानात लहान घ्यायचा, हा गैरसमज आधी काढून टाका. तीन शून्यांच्या ब्रशमध्ये रंग इतका कमी मावतो की छातीपासून कमरेपर्यंत जाईतो तो टोकावर सुकतो. मग रेष तुटते, आणि तुटलेली जोडायला पुन्हा ब्रश टेकवावा लागतो. एक नंबरचा गोल ब्रश घ्या, पण टोक अणकुचीदार असलेला. कोलिन्स्की सेबलचा, म्हणजे नैसर्गिक केसांचा, असेल तर उत्तम. विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज ७ मध्ये ‘मिनिएचर’ नावाचा आखूड केसांचा प्रकार आहे, त्यापेक्षा नेहमीचा लांब केसांचा घ्या, त्यात रंग जास्त मावतो. सिंथेटिकवर काम भागवायचं असेल तरी हरकत नाही, पण टोक वाकडं झालेला सिंथेटिक ब्रश रेषेसाठी वापरू नका. तो आतल्या भरणीला ठेवा.

रंग घेतल्यावर ब्रश टिश्यूवर एकदा टेकवून जास्तीचं पाणी काढा, आणि पॅलेटवर फिरवत टोक जुळवा. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून पाहा. ती एकसारखी आली तर आकृतीकडे वळा, पसरली तर पुन्हा टिश्यूवर.

हात टेकवण्याची रीत अशी: दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर, तळव्यांचे खालचे भाग एकमेकांना चिकटलेले, ब्रशच्या हाताची करंगळी आकृतीच्या बुचावर. आता दोन्ही हात हलले तरी एकत्र हलतात.

मग आकृती फिरवा, म्हणजे रेष तुमच्यापासून दूर सुरू होऊन तुमच्याकडे येईल. निळा भाग ब्रशच्या हाताच्या बाजूला यायला हवा. त्यासाठी गरज पडली तर आकृती उलटी धरा, उलटं धरण्यात काही बिघडत नाही. ब्रशचं टोक रेषेवर, पोट निळ्या भागात. ब्रश थोडा आडवा झुकवा. टोक रेषेवर ठेवून हळू आपल्याकडे ओढा. ढकलू नका, ढकललं की केस फाकतात. श्वास सोडताना ओढा, आणि एका ओढीत ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतच जा. पुढची ओढ सुरू करताना आधीच्या ओढीच्या आत, निळ्या भागात टेकवून बाहेर सरका. नेमकं आधीच्या शेवटाच्या टोकावर ब्रश टेकवला की तिथे गाठ येते.

पहिली कड रेषेच्या थोडी आत, निळ्याच्या बाजूला ठेवा. वाळल्यावर दुसऱ्या फेरीत केसभर पुढे सरका. रेषेच्या अलीकडे थांबलेला रंग पुढे नेता येतो, पलीकडे गेलेला मागे आणायला तांबडा लावावा लागतो. कड बसल्यावर मगच उरलेला भाग भरा. आधी मोठा भाग भरून शेवटी कडेला आलात तर ब्रशमध्ये जास्त रंग असतो आणि तो रेषेवर सांडतो.

पाठीचीही रेष अशीच. खांद्यावर पुढची आणि मागची रेष गळपट्टीपाशी भेटते की नाही ते वरून पाहा. अनेकदा पुढची रेष बरोबर असते, मागची बरोबर असते आणि गळपट्टीवर दोघींची चुकामूक होते. गळपट्टी अगोदर ठरवून तिच्यापासून दोन्हीकडे खाली गेलात तर हे टळतं.

तपासणी: वाळल्यावर हातभर अंतरावरून पाहा, भिंगातून नाही. भिंगात जगातली प्रत्येक रेष वाकडी दिसते.

### मधला टप्पा: टेप कुठे, कुठे नाही

कापडाच्या घड्यांवर मास्किंग टेप लावू नका. खाचेत ती चिकटत नाही, आणि रंग तिच्याखाली शिरतो. टेपची जागा म्हणजे गुळगुळीत कठीण पृष्ठभाग: चिलखताची छाती, ढाल, शिरस्त्राण, वाहनं. चिलखती सैनिकांसाठी तीच सोपी वाट.

तामियाची ६ मिलिमीटरची पिवळी टेप घ्या. गुंडाळीची मूळ कड धुळीने भरलेली असते, म्हणून टेप काचेवर चिकटवून नव्या पात्याने मधून कापा आणि ती ताजी कड वापरा. टेप लावण्याआधी पहिला रंग किमान एक रात्र वाळलेला असावा, त्यावर मॅट वार्निशचा हात असेल तर आणखी चांगलं, नाहीतर टेपबरोबर रंगही निघून येतो.

कड टूथपिकने दाबून बसवली की सरळ दुसरा रंग लावू नका. आधी टेपच्या कडेवरून पहिलाच रंग एकदा फिरवा. टेपखाली जे काही शिरायचं ते तोच रंग होऊन शिरतं आणि फटी बंद होतात. तो वाळल्यावर दुसऱ्या रंगाचे दोन पातळ थर, आणि शेवटचा थर पुरता सुकण्याआधी टेप स्वतःवरच मागे दुमडत हळू सोलून काढा. टेप सरळ वर उपसली तर कडेचा रंग फाटतो.

### टप्पा ८: चूक दुरुस्त करणं

थरथर झालेली जागा लगेच दिसली तर स्वच्छ, ओलसर ब्रशने रंग उचला. त्यासाठी एक दुसरा ब्रश कायम पाण्यात भिजवून, टिपून हाताशी ठेवा. ही संधी दहा-पंधरा सेकंदांचीच असते.

वाळल्यावर दिसली तर आता तांबड्याने कड मागे ढकला. रंग तितकाच पातळ, दोन थरांत. एका जाड थरात झाकायचा मोह होतोच, आणि उंचवटा नेमका तिथूनच सुरू होतो. एका जागी दोनदा इकडून, दोनदा तिकडून, एवढ्यात जमलं नाही तर थांबा आणि दुसरा सैनिक घ्या. रंग पूर्ण कडक झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, उंचवटा १५०० नंबरच्या वॉटर पेपरचा छोटा तुकडा ओला करून हळूच घासून घालवता येतो.

### टप्पा ९: छटा, प्रत्येक निम्म्याची वेगळी

रेष छान आली म्हणून सगळ्या जाकिटावर एकच तपकिरी वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पाणीदार रंग) ओतला, तर तांबडा खुलतो आणि निळा मळतो. पांढरा असेल तर तो धुळीत लोळल्यासारखा होतो. वॉश वेगळे घ्या: तांबड्याला गडद जांभळट तपकिरी, निळ्याला गडद निळा, पांढऱ्याला निळसर करडा. वॉश फक्त घड्यांच्या खाचांत लावा. रेषेपाशी साचतोय असं दिसलं तर कोरड्या ब्रशने शोषून घ्या. सुकल्यावर तिथे डागाची कड उरते आणि ती रेषेलाच वाकडी भासवते.

उजळ छटा देताना दोन्ही निम्म्यांवर प्रकाश एकाच बाजूचा धरा. एखादी घडी तांबड्यातून निळ्यात जात असेल तर तिचा माथा दोन्ही रंगांत उजळला पाहिजे. तांबड्यात उजळ आणि निळ्यात सपाट राहिली तर जाकीट दोन वेगळ्या माणसांचं वाटतं.

पांढऱ्या बाजूचा मूळ रंग शुद्ध पांढरा नको. हलका करडा किंवा हस्तिदंती ठेवा, पांढरा फक्त घडीच्या माथ्यावर.

### टप्पा १०: शिवणीची रेघ द्यायची की नाही

दोन रंगांच्या मधोमध बारीक गडद रेघ दिली की विभागणी स्पष्ट होते आणि बारीकसारीक थरकापही झाकला जातो. पण काळी रेघ कापडावर शाईने आखल्यासारखी दिसते. गडद तपकिरी किंवा दोन रंगांपैकी गडद रंगाचीच आणखी गडद छटा घ्या.

जाडीचं गणित लक्षात ठेवा. २८ मिलिमीटरची आकृती खऱ्या माणसाच्या साधारण साठपट लहान असते. तिच्यावरची ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या जाकिटावर १२ मिलिमीटर, अर्धा मिलिमीटरची म्हणजे चक्क ३० मिलिमीटर. शिवण एवढी जाड नसते. ०.२ च्या वर जाऊ नका. ब्रशने जमत नसेल तर साकुराचं पिग्मा मायक्रॉन ००५ नंबरचं पेन घ्या. नंबर ००५ असला तरी त्याची रेघ ०.२ मिलिमीटरचीच असते. पेन मॅट वार्निश केलेल्या पृष्ठभागावरच चालवा, आणि त्यावर शेवटचं वार्निश लावण्याआधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्या, काही वार्निशांनी शाई पसरते.

माझं मत विचाराल तर यॉर्कच्या जोडीला ही रेघ द्यावी, कारण रंग जवळचे आहेत. पांढऱ्या-निळ्याला आणि पांढऱ्या-हिरव्याला तिची गरज नसते.

### टप्पा ११: पट्टा, बिल्ला, हात आणि वार्निश

रेषेला आडवे जाणारे पट्टे आणि दोऱ्या आता रंगवा. पट्ट्याखालून रेष पुढे नेमकी त्याच ओळीत निघते ना, ते पाहा. पट्ट्याच्या वर एक ओळ आणि खाली दुसरी, ही चूक पट्टा रंगवल्यावर जास्त उठून दिसते, पण तोपर्यंत दुरुस्त करणं सोपंही असतं.

छातीवर सरदाराचा बिल्ला काढायचा असेल तर शक्यतो एकाच रंगावर, सैनिकाच्या डाव्या छातीवर काढा. यॉर्कच्या राजांपैकी चौथ्या एडवर्डचा सूर्यकिरणांतला पांढरा गुलाब किंवा तिसऱ्या रिचर्डचा पांढरा रानडुक्कर, दोन्ही निळ्यावर छान उठतात. रेषेवर बसलेला बिल्ला रंगवायचा तर आधी त्याच्या आकाराचा करडा ठसा द्या, नाहीतर निम्मा पांढरा तांबड्यावर गुलाबी आणि निम्मा निळ्यावर निळसर दिसेल.

हात चिकटवण्याआधी बाह्यांचे रंग तपासा. जाकिटाला आखूड बाही असेल तर ती आपल्या निम्म्याच्या रंगाची, आतल्या डब्लेटची (अंगाला घट्ट बसणाऱ्या अंगरख्याची) लांब बाही मात्र कोणत्याही रंगाची चालेल. विजारीचे पायही दोन रंगांचे करणार असाल तर सैनिक पायांपासून सुरू करा आणि जाकीट नंतर, कारण जाकिटाचा घेर वर येऊन मांडीवरची कड झाकतो. जाकिटाचे चार चौकोन करायचे असतील, म्हणजे वर तांबडा-निळा आणि खाली निळा-तांबडा, तर आडवी रेष कमरपट्ट्यात लपवा. दोन रेषा उघड्यावर एकमेकींना छेदणारी जागा टाळता येत असेल तर टाळावी.

शेवटी मॅट वार्निश, पातळ हाताने. पावसाळ्यात स्प्रे वार्निश पांढुरकं होऊ शकतं. तेव्हा ब्रशने लावा, आणि आधी एकाच सैनिकावर लावून रात्रभर ठेवा. सकाळी रंग जसाच्या तसा असेल तरच बाकीची तुकडी घ्या.